रिकाम्या बसचं गणित

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात १९५५ साली बसचं भाडं दहा सेंट होतं. पुढच्या रांगा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या. मधल्या रांगांत काळ्यांनी बसायला हरकत नसे, पण गाडी भरली आणि एखादा गोरा उभा राहिला की त्यांनी उठायचं. त्या बसने जाणाऱ्या दर चार प्रवाशांमधले जवळजवळ तीन काळे होते. म्हणजे जी बस त्यांना रोज उठवायची, ती चालायची त्यांच्याच दहा-दहा सेंटांवर.

अहिंसक लढा म्हणजे काय हे कुणाला सांगायचं असलं की मी या हिशेबापासून सुरुवात करतो. अहिंसा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो मार खाऊनही हात जोडून उभा असलेला कुणी संत, आणि त्याला पाहून पाझर फुटलेला जुलमी माणूस. असा पाझर फुटल्याची उदाहरणं आहेत, पण बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेक वेळा समोरच्याचं मन जिथल्या तिथे राहतं. अडतं ते त्याचं काम.

कुठलीही सत्ता घ्या. हुकूम सोडणारा एक असतो. तो लिहून काढणारा, पोचवणारा, वसुलीला जाणारा, कोठडीच्या किल्ल्या सांभाळणारा, बंदूक खांद्याला लावणारा, असे हजारो असतात. त्यांच्यामागे लाखो असतात, जे फक्त रोजच्यासारखं वागून हे सगळं चालू ठेवतात: कर भरतात, कामावर जातात, तिकीट काढतात. अमेरिकन अभ्यासक जीन शार्प यांनी १९७३ साली अहिंसक कृतीच्या तब्बल १९८ पद्धती नोंदवल्या. मूक मोर्चापासून बँकेतली ठेव काढून घेण्यापर्यंत त्यात काय वाटेल ते आहे. त्यातल्या कितीतरी पद्धतींचं मूळ एकच: समोरच्याचं जे काम आपण नकळत करत होतो, ते थांबवायचं.

‘बॉयकॉट’ हा शब्द मुळात एका माणसाचं आडनाव. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका बड्या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंड कमी करून मागितला, तर याने त्यांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. कुळांनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. शेतावरचे मजूर यायचे थांबले, घरातले नोकर निघून गेले, दुकानदार माल देईनात. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक स्वयंसेवक आणावे लागले आणि त्या पन्नास जणांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक-पोलीस. पाचशे पौंडांचं पीक घरात आणायला दहा हजार पौंड गेले, असा अंदाज तेव्हा निघाला. वर्ष संपायच्या आत बॉयकॉटसाहेब बाडबिस्तरा आवरून आयर्लंड सोडून गेले.

मराठीत आपण याला बहिष्कार म्हणतो, आणि हा शब्द उच्चारताना जरा अडखळायला हवं. कारण दुकानाचा माल बंद, मजुरी बंद, बोलणं बंद ही रीत आपल्याकडे दुबळ्यांपेक्षा बलवानांनीच जास्त वापरली. वाळीत टाकलेल्या कुटुंबावरही बरेचदा कुणी हात उचललेला नसतो. हे थांबवायला महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा हात न उचलणं म्हणजे आपोआप न्याय झाला, असं काही नाही. हत्यार तेच असतं. ते वरून खाली चालतंय की खालून वर, हे आधी बघायचं.

तीनशे गाड्या आणि एक पाककृती मंडळ

आता माँटगोमेरीकडे परत जाऊ. रोझा पार्क्स नावाची शिंपीकाम करणारी बाई त्या दिवशी फार दमली होती, म्हणून बसमधून उठली नाही, आणि त्यातून चळवळ पेटली, अशी एक गोड गोष्ट सांगितली जाते. पार्क्सबाई एका मोठ्या दुकानात शिवणकाम करत हे खरं. पण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या अनेक वर्षं सचिव होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर या संस्थेत चळवळीचं शिबिर करून आल्या होत्या. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी त्यांना अटक झाली. बातमी कळताच जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने रात्रीच कॉलेज गाठलं आणि एक सहकारी व दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली: सोमवारी बसने जाऊ नका. हे काही त्या रात्री सुचलेलं नव्हतं. बसमधली वागणूक सुधारली नाही तर लोक बस सोडतील, असं पत्र रॉबिन्सनबाईंच्या महिला मंडळाने महापौरांना दीड वर्ष आधीच पाठवलं होतं.

सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. एक दिवसाचा हरताळ कुणीही करेल. लोकांनी ठरवलं की पुढेही चालू ठेवायचं, आणि खरा प्रश्न तिथे सुरू झाला: मंगळवारी कामावर जायचं कसं? धुणीभांडी करणाऱ्या बायका शहराच्या दुसऱ्या टोकाला जात. पहिल्यांदा काळ्या टॅक्सीवाल्यांनी दहा सेंटांत न्यायला सुरुवात केली. लगेच शहर प्रशासनाने जुना नियम उकरून काढला: टॅक्सीचं किमान भाडं ४५ सेंट. मग लोकांनी आपल्या खासगी गाड्या काढल्या, सुमारे तीनशे. कोणती गाडी कुठून कधी निघेल, कुठे थांबेल, याचं वेळापत्रक तयार झालं. गल्लीबोळ पाठ असलेल्या पोस्टमननी मार्ग आखायला मदत केली. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या गेल्या. मग विमा कंपन्यांनी या गाड्यांचे विमे रद्द केले, तर शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. इतिहासात भाषणं लक्षात राहतात. मला मात्र या लढ्यातला सगळ्यात मोठा पराक्रम ते वेळापत्रक वाटतं.

पेट्रोलला पैसे लागत. इथे जॉर्जिया गिलमोर येतात. या एका खानावळीत स्वयंपाकी होत्या. चळवळीच्या बाजूने कोर्टात साक्ष दिली आणि नोकरी गेली. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी घरी केक, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), तळलेलं चिकन करून विकायच्या आणि गल्ला सभेत आणून द्यायच्या. या बायकांपैकी अनेक जणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव कळलं तर काम सुटणार. म्हणून त्यांनी मंडळाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठूनच नाही मंडळ’. पैसे कुठून आले असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार: कुठूनच नाही. पै अन् पै खरी आणि खोटंही बोलावं लागत नाही.

या चळवळीचे पुढारी मार्टिन लूथर किंग तेव्हा २६ वर्षांचे होते. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि तान्ही मुलगी आत होत्या, दोघी वाचल्या. बाहेर संतापलेला जमाव गोळा झाला, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंगनी ओसरीवर उभं राहून त्यांना घरी पाठवलं. एवढं सगळे सांगतात. पण त्याच सुमारास किंगच्या घरात बंदुका होत्या आणि शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी त्यांनी अर्जही केला होता, जो नामंजूर झाला. बायर्ड रस्टिन हे मुरलेले कार्यकर्ते माँटगोमेरीत आले, त्यांच्याशी आणि इतरांशी चर्चा होत होत त्या बंदुका घरातून गेल्या. अहिंसेचा एवढा मोठा पुढारीही ती शिकत शिकतच शिकला, हे मला दिलासा देणारं वाटतं.

फेब्रुवारीत प्रशासनाने १९२१ चा बहिष्कारविरोधी कायदा काढून ८९ जणांवर आरोप ठेवले. अशा वेळी लोक लपतात. हे लोक ठेवणीतले कपडे घालून स्वतःहून हजर झाले. अटकेची भीतीच गेली की अटक हे शस्त्र बोथट होतं, हा साधा हिशेब. तिकडे बसमधल्या विभागणीविरुद्धचा खटला वरच्या कोर्टात चालला होता. १३ नोव्हेंबर १९५६ ला गाड्यांची व्यवस्था बंद पाडण्यासाठी प्रशासन स्थानिक कोर्टात उभं असतानाच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: बसमधली विभागणी घटनाबाह्य. ३८१ दिवसांनी लोक पुन्हा बसमध्ये चढले. आता यात जिंकला कोण, खटला की बहिष्कार? खटल्याने नियम रद्द झाला. वर्षभर पायी चालून लोक मात्र असे झाले, की तो निकाल कागदावर राहू देणार नव्हते.

मार खाण्याची तालीम

या बहिष्काराची बातमी नागपुरातही वाचली गेली. जेम्स लॉसन हा तरुण अमेरिकन मिशनरी तेव्हा तिथल्या हिस्लॉप कॉलेजात होता. कोरियन युद्धात सैन्यभरती नाकारून तुरुंग भोगून आलेला. इथे तो मुलांना खेळ शिकवायचा आणि सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्याने माँटगोमेरीची बातमी वाचली. मायदेशी परतल्यावर किंगनी त्याला दक्षिणेत यायला सांगितलं, आणि नॅशव्हिल शहरातल्या चर्चमध्ये त्याने विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले.

या वर्गांत प्रवचन कमी आणि तालीम जास्त. निम्मे विद्यार्थी गोरे गुंड व्हायचे, निम्मे उपाहारगृहात बसलेले काळे गिऱ्हाईक. गुंड शिव्या द्यायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचे. पडलेल्याने डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्याला मार बसत असेल तर मध्ये कसं पडायचं, हे पुन्हा पुन्हा घोटलं जायचं. चिडून हात उगारला तर तो अजून तयार नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी खरोखर फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहांच्या काउंटरवर जाऊन बसले, इस्त्रीचे कपडे, ताठ पाठ, समोर पुस्तक. गुंडांनी अगदी तालमीतल्यासारखंच केलं, आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना.

एवढी शिस्त कशासाठी? लढा दोघांत असतो असं आपण धरून चालतो, पण तो बघणारा एक तिसराही असतो: दुकानदार, वर्तमानपत्र वाचणारा, काठावरचा. दोन्हीकडून दगड उडाले की त्याला ‘दंगल’ दिसते आणि तो दार लावून घेतो. एकाच बाजूने मार चालला असेल तर त्याला आपण कुठे आहोत याचा विचार करावा लागतो. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाचं घर बॉम्बने उडवलं गेलं. हजारो लोक एक शब्द न बोलता नगर कार्यालयावर चालत गेले. तिथे २१ वर्षांच्या डायान नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं: वर्णावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? ते ‘हो’ म्हणाले. १० मे रोजी काउंटर उघडले. महापौरांचं मन बदललं म्हणून? थोडंफार. पण काळ्या गिऱ्हाइकांनी ईस्टरच्या आधीपासूनच शहरातल्या दुकानांकडे पाठ फिरवली होती, हंगाम कोरडा गेला होता, आणि दुकानदार कुठल्यातरी सन्मानाने मागे फिरायची वाटच बघत होते. महापौरांनी ती वाट दिली.

हाच कस महाडला लागला होता, तेही तीस-पस्तीस वर्षं आधी आणि अशा कुठल्याही तालमीशिवाय. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, हा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तळ्यावर मात्र अस्पृश्य मानलेलं कुणी जात नव्हतं. कागदावरचा हक्क असाच असतो, वापरल्याखेरीज तो खरा की खोटा हे कळत नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांसह परिषदेला आलेले लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर, हे आता देवळात घुसणार अशी आवई उठवून, परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. मार खाणाऱ्यांत लष्करात नोकरी केलेले लोकही होते, उलटून मारणं त्यांना जड नव्हतं. बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितलं आणि ते शांत राहिले. पुढे पंचगव्याने तळं ‘शुद्ध’ केलं गेलं, पालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला, डिसेंबरात परिषद पुन्हा भरली तेव्हा कोर्टाची मनाई आली. निकाल लागला १९३७ साली, मुंबई उच्च न्यायालयात. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षं.

बंदूकवाला आणि शिक्षक

राज्याचे सगळ्यात जवळचे हात म्हणजे शिपाई. पेशावरमध्ये खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगारांची चळवळ जोरात असताना, एप्रिल १९३० मध्ये, किस्साखानी बाजारात नि:शस्त्र लोकांवर गोळीबार झाला, अनेक जण मेले. त्या वेळी रॉयल गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने मात्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला. शिपाई गढवाली हिंदू, समोरचे पठाण मुसलमान. साहेबाने हिशेब करूनच ही तुकडी पाठवली असणार. नकाराचे पुढारी चंद्रसिंह गढवाली यांना जन्मठेप झाली. समोरून गोळी आली असती तर शिपायांचं बोट थांबणं फार कठीण होतं. अहिंसेचा व्यवहारातला सर्वांत मोठा फायदा हाच: विरुद्ध बाजूच्या माणसाला फुटून बाहेर पडायला ती वाट ठेवते.

नॉर्वेतली गोष्ट कमी ऐकिवात आहे. नाझींनी देश घेतला होता आणि त्यांचा हस्तक क्विसलिंग सत्तेवर होता. १९४२ मध्ये त्याने सर्व शिक्षकांसाठी सक्तीची संघटना काढली, मुलांना नाझी विचार शिकवायचे म्हणून. देशात साधारण १४,००० शिक्षक. त्यातल्या बहुसंख्यांनी एकाच मजकुराचं पत्र आपापल्या सहीने पाठवलं: आम्ही या संघटनेत नाही. सरकारने शाळा महिनाभर बंद ठेवल्या. कारण दिलं सरपणाच्या टंचाईचं. पालकांनी सरपण देऊ केलं आणि निषेधाची पत्रंही धाडली. अकराशेच्या आसपास शिक्षक पकडले गेले, त्यातले पाचेकशे बोटीत कोंबून पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीसाठी नेले. तरी उरलेले बधले नाहीत. क्विसलिंग एका शाळेत जाऊन, तुम्ही शिक्षकांनी माझं सगळं बिघडवून टाकलं, असं ओरडला. वर्ष संपायच्या आत कैदी घरी परतले आणि ती संघटना बारगळली. नाझींपुढे अहिंसा काय करणार, असं विचारणाऱ्याला ही गोष्ट सांगावी. पण हेही सांगावं की नॉर्वेजियन शिक्षक नाझींना हवे होते, मारून टाकायचे नव्हते. ज्यांना नष्टच करायचं होतं त्यांच्या असहकाराने नाझींचं काहीच अडत नव्हतं.

इथेच या पद्धतीची मर्यादा आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. न्यूझीलंडमध्ये पारिहाका नावाचं माओरींचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, गाव होतं. ‘ते व्हिटी’ आणि ‘तोहू’ अशा नावांचे दोघे तिथले पुढारी. सरकारने जप्त केलेली जमीन मोजायला मोजणीदार आले, तर हे लोक त्यांचे खुंट उपटायचे आणि जमीन नांगरून ठेवायचे. नांगरणारे पकडले की दुसरे नांगराला उभे. ५ नोव्हेंबर १८८१ ला सुमारे १,६०० सशस्त्र माणसं गावावर चालून आली. वेशीवर त्यांच्या स्वागताला गाणारी, खेळणारी मुलं होती आणि ताज्या भाजलेल्या पावांच्या राशी. शिस्तीत कुठेही कमतरता नव्हती. तरीही गाव मोडलं, पुढाऱ्यांना खटल्याविना कैदेत ठेवलं. सरकारने माफी मागितली २०१७ मध्ये. असं का झालं? माझ्या मते, वसाहतवाल्यांना माओरींची मजुरी नको होती, त्यांचा कर नको होता, त्यांचे दहा सेंट नको होते. हवी होती फक्त जमीन, आणि ती माणसांशिवायच जास्त सोयीची होती. काढून घ्यायला सहकारच नव्हता. बघणारा तिसराही फार दूर, समुद्रापलीकडे.

आकडे काय म्हणतात? एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोठ्या मोहिमा तपासल्या. राजवट उलथवणं किंवा परकी सत्ता घालवणं असल्या मोठ्या उद्दिष्टांच्या या मोहिमा. अहिंसक मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी, हिंसक मोहिमांपैकी २६ टक्के. मुख्य कारण त्यांना दिसलं ते संख्येचं: बंदूक थोडे जणच उचलतात, पण कामावर न जाणं आजीलाही जमतं. मात्र २०१० नंतर अहिंसक मोहिमांचं यशही बरंच घटल्याचं चेनोवेथ यांनीच दाखवलं. राज्यकर्तेही शिकतात. आणि मोबाइलवर हाक देऊन लाख माणसं एका संध्याकाळी जमवता येतात. माँटगोमेरीचं ते वेळापत्रक मात्र तेवढ्यात बसवता येत नाही.

आणखी एक आक्षेप महाडच्याच सत्याग्रहींच्या नेत्याचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकर म्हणाले की सनदशीर मार्ग उघडे असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे अराजकाचं व्याकरण आहे, ते सोडून दिलेलं बरं. मला हे पटतंही आणि पुरतं पटतही नाही, कारण मार्ग उघडा आहे की नुसती दाराला पाटी आहे, हे ठरवायचं कुणी? पण ज्याने स्वतः ओंजळीने पाणी पिऊन दहा वर्षं खटला चालवला, त्या माणसाचा इशारा म्हणून हे वाक्य खिशात ठेवावं.

राहता राहिली क्लॉडेट कोल्विन. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, माँटगोमेरीच्याच बसमधून उठायला नकार देऊन ही पंधरा वर्षांची मुलगी अटक झाली होती. चळवळीने तिच्यासाठी बस बंद पाडल्या नाहीत. वय लहान, तापट, गरीब घरातली आणि पुढे लग्नाआधी गरोदर राहिलेली. गोऱ्या वाचकांपुढे हा चेहरा टिकणार नाही, असं पुढाऱ्यांनी ठरवलं. काठावरच्या तिसऱ्याला जिंकायचं असलं की असे हिशेब होतात, आणि ते कुणाच्या तरी अंगावर पडतात. ज्या खटल्याने बसमधली विभागणी रद्द झाली, त्यातल्या चार फिर्यादी बायकांपैकी कोल्विन एक होती. तिच्या नावावरचा १९५५ चा गुन्हा मात्र तसाच राहिला. तो कोर्टाने पुसला २०२१ मध्ये. तेव्हा कोल्विनबाई ८२ वर्षांच्या होत्या.